फाटकाची ओळ

भीती मला आधी गळ्यात कळते. छातीत धडधड वगैरे नंतर. आधी आवंढा अडकतो, मग वरचा सूर लागत नाही. गाणाऱ्या माणसाला हे फार वाईट, कारण भ्यालेलं लपवता येत नाही. ज्या दीड-दोन वर्षांबद्दल मी लिहिते आहे, त्यातले कितीतरी महिने माझा वरचा सूर लागतच नव्हता.

मी दहिवलीची. वडील रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, पण गावात त्यांची ओळख वेगळी. जयंतीच्या दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या गायन पार्टीत ते पेटी वाजवायचे. घरात पेटी होती म्हणून मी गाऊ लागले, कॉलेजात गेल्यावर गिटार शिकले. पुढे चौक गावाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवार गाण्याचं काम मिळालं. सोबत ढोलकीला माझा कॉलेजातला मित्र. तो डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला. त्याच्या बोटांत इतकं होतं की पाहुणे गिटारवालीला सोडून त्याचाच व्हिडिओ काढायचे. आम्ही हिंदी सिनेमाची गाणी म्हणायचो, मागितली तर इंग्रजी. लोक जेवायचे, आम्ही वाजवायचो.

एकदा तिथे तैवानहून आलेले एक गृहस्थ उतरले होते. खालापूरकडच्या कारखान्यात नवीन मशीन बसवायला आले होते, साठीच्या आसपासचे असतील. रोज संध्याकाळी एकटेच आमच्या पुढ्यात बसून सूप प्यायचे. एक दिवस त्यांनी मोबाईलमध्ये आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि मोबाईलमधली बाई हिंदीत बोलली, "यात तुमचं गाणं कुठलं?" मी एक मराठी गाणं म्हटलं. त्यांनी मान हलवली. "हे तुम्ही केलं?" नाही म्हटलं. मग ते बराच वेळ मोबाईलशी बोलत राहिले आणि ती बाई अडखळत अडखळत आम्हाला सांगत राहिली. त्यांच्या मोठ्या भावाच्या वेळी तिथली कॉलेजची मुलं नुसती इंग्रजी गाणी म्हणायची. मग काही जणांना त्याची लाज वाटली. एक गिटार, चार सूर आणि आपली भाषा, एवढ्यावर त्यांनी स्वतःची गाणी करायला घेतली. नदीची, शाळेची, आजीच्या गावाची. बघता बघता सगळ्या देशभर तीच गाणी झाली. मग त्यांनी त्यातलं एक म्हणून दाखवलं. आवाज काही खास नव्हता. शब्द एकही कळला नाही. पण चाल इतकी साधी होती की दुसऱ्या कडव्याला माझा मित्र ढोलकीच्या कडेवर बोटांनी साथ करायला लागला.

परत येताना स्कूटरवर मागे बसून तो म्हणाला, "आपल्याकडं काय नाय का गं सांगण्यासारखं?"

तिथून आमचे रविवार सुरू झाले. दहिवलीत एक बंद पडलेली भातगिरण आहे. मालक वडिलांच्या ओळखीचे, त्यांनी चावी दिली. सकाळी जमायचं. नियम एकच होता, जे म्हणायचं ते तिथे बसलेल्या कुणीतरी केलेलं असलं पाहिजे. शेलूला नवीन बिल्डिंगमध्ये राहणारी एक बाई यायची, ती कुकरच्या शिट्ट्यांवर गाणं करून आली. कर्जतचा एक रिक्षावाला रेल्वेच्या फाटकात अडकलेल्या रिक्षावर म्हणायचा. कॉलेजातली आठ-दहा मुलं होती. बरीचशी गाणी वाईट होती, पण आमची होती. हळूहळू लोक त्यांना 'गिरणीतली गाणी' म्हणू लागले. हळदीला, शाळेच्या संमेलनात बोलावणी यायला लागली.

वडील पहिल्या रविवारी येऊन मागे उभे राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "चांगलं चाललंय. पण नवीन काय आहे गं यात? आम्ही जन्मभर आपलीच गाणी म्हटली."

मला राग आला होता. तेव्हा मला वाटायचं, आपणच काहीतरी शोधून काढलंय.

एका रविवारी माझा मित्र उशिरा आला. त्याची आई आदल्या दिवशी घसरून पडली होती. वाडीतून विहिरीकडे जाणारी पायवाट एका फार्महाऊसच्या जमिनीतून जायची. पिढ्यानपिढ्या बायका तिथूनच पाणी आणत. जमीन विकली गेली, नव्या मालकाने भिंत घातली आणि पायवाट भिंतीपाशी येऊन संपली. आता ओढ्याच्या कडेने, शेवाळल्या दगडांवरून वळसा घालावा लागे. म्हातारी तिथेच पडली. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा टम्म सुजला होता.

"काय बोलली माहीत हाय का?" तो म्हणाला. "म्हणाली, त्यांच्या कुत्र्याला जायला बारकं फाटक ठेवलंय. मला नाय."

मग त्याने त्याच्या मावशीच्या तोंडची लग्नातल्या गाण्याची एक चाल गुणगुणायला सुरुवात केली आणि मी शब्द बसवत गेले. जेवायच्या वेळेपर्यंत गाणं झालं.

*वाट माझ्या पायाची गं, भिंतीपाशी थांबली,*
*हाकेवरली विहीर माझी डोंगराएवढी लांबली.*

आणि शेवटी ध्रुवपदासारखी ती ओळ, म्हातारीच्या तोंडची, जवळपास तशीच:

*तुझ्या कुत्र्याला फाटक हाय रं, माझ्या हंड्याला नाय.*

शेलूच्या बाईने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. आम्हाला वाटलं, आपल्या ओळखीचे लोक ऐकतील. पण आठवड्याभरात कर्जत स्टेशनबाहेर भाजीवालीच्या मोबाईलवर मी माझाच आवाज ऐकला. क्षणभर फार आनंद झाला. तो तसा निर्भेळ आनंद मला त्या गाण्याने दिलेला पहिला आणि शेवटचा.

पुढच्या शनिवारी रिसॉर्टमध्ये एक माणूस पहिल्या टेबलावर येऊन बसला. पन्नाशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशात बडीशेपेची डबी. त्याला मी ओळखत नव्हते, पण मित्राने त्याला पाहिलं आणि त्याचा ठेका चुकला. त्याचा ठेका कधीच चुकत नसे. मध्यंतरात तो माणूस उठून आमच्याजवळ आला. जमिनीची कामं करतो म्हणाला. या भागातले बरेच फार्महाऊस त्यानेच जमवून दिलेले, ती भिंतीची जमीनही. आवाज अगदी मऊ होता.

"ताई, गळा फार गोड हाय तुमचा," तो म्हणाला. "जपा."

एवढंच. मग मित्राकडे वळून, "आईचा गुडघा कसा हाय रं?" असं विचारून तो गेला.

तो शिव्या देता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. त्या रात्रीपासून मी 'जपा' या शब्दाचे अर्थ लावत बसले. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, सध्या सीझन कमी आहे, काही दिवस येऊ नका. सीझन भरात होता, पार्किंगला जागा नव्हती.

मग मोटरसायकल सुरू झाली. संध्याकाळी गाण्याच्या शिकवण्या आटपून मी स्कूटरवर घरी यायचे तेव्हा मागे एक लाल मोटरसायकल दिसायची. मी हळू केलं की तीही हळू व्हायची. पुलावर मी थांबले तर पुढे निघून जायची आणि दहिवलीच्या वळणावर चहाच्या टपरीशी उभी दिसायची. हेल्मेट कधी काढलं नाही. आज मी शपथेवर सांगू शकणार नाही की तो माझ्याच मागे होता. कामावरून घरी जाणारा कुणी साधा माणूस असेल. पण तेव्हा त्या हेल्मेटच्या काळ्या काचेत मला रोज माझंच काहीतरी वाईट झालेलं दिसायचं.

घरी मी सांगितलं नव्हतं. वडिलांनी माझ्या आवाजावरून ओळखलं. सकाळी रियाजाला बसले तर वरच्या षड्जापाशी गळा आवळायचा. ते पेटीवरून हात काढून म्हणाले, "कुणाला भितेस?"

सगळं सांगितलं. मला वाटलं, हा जन्मभर स्टेजवर उभा राहिलेला माणूस, म्हणेल की भिऊ नकोस. त्यांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "टाळ्या वाजवणारे लोक आपापल्या घरी जाऊन झोपतात. राखण करायला आपल्या दारात कुणी येत नाही. मी अर्धं आयुष्य भीतभीतच गायलो. तुझ्या आईला विचार." त्या दिवसापासून ते संध्याकाळी पुलाच्या अलीकडे येऊन उभे राहू लागले. हातात भाजीची पिशवी, जणू बाजाराला निघालेत. रोज रिकामी.

रविवारी गिरणीत माणसं कमी होत गेली. कुणाच्या वडिलांना फोन आला होता, कुणाचा भाऊ त्याच माणसाकडे ड्रायव्हर होता. कुणी कारण सांगितलं, कुणी नुसतंच आलं नाही. शेलूची बाई मात्र यायची. तिनेच तो व्हिडिओ टाकला होता, त्यामुळे ती माझ्याहून जास्त घाबरलेली असायची. आम्ही दार लावून घेऊन कुजबुजल्यासारखे गायचो.

आणि एक दिवस मित्राचा फोन लागेना. सकाळी नाही, दुपारी नाही. तो फोन बंद ठेवणारा नव्हता. ऊन कलायच्या आत मी वडिलांना मागे बसवून वाडीवर गेले. रस्ता संपतो तिथे स्कूटर लावून चढावं लागतं. वडिलांना धाप लागत होती, तरी ते माझ्या पुढे चालत होते.

त्याची आई ओट्यावर बसली होती, पाय लांब करून. आम्हाला बघून तिने आधी पाणी दिलं. मग म्हणाली, "सकाळीच दोघं आलं होतं, पांढरी गाडी घेऊन. म्हणाले, जरा बोलायचंय. तो गेला त्यांच्यासंगं."

"तू जाऊ कसं दिलंस?" माझ्या तोंडून निघालं.

तिने गुडघ्याकडे बोट दाखवलं. "मी काय करणार होते गं, बाय?"

आम्ही तिथेच बसलो. पोलिसांकडे जावं का, यावर वडील आणि मी हळू आवाजात बोलत होतो. काय सांगणार? मोठा माणूस आपल्या पायांनी गाडीत बसून गेला. वाडीतली पोरं खेळत होती, कोंबड्या फिरत होत्या, कुणीतरी कुडाला शेण लावत होतं. सगळं रोजच्यासारखं चाललेलं होतं. खालून कुठलीही गाडी वाजली की आम्ही तिघेही एकदम माना वळवायचो. मी मनात एकच गोष्ट घोळवत होते, त्याचे हात. त्याच्या हातांना काही करू नये. बाकी काय वाटेल ते होऊ दे. असं निवडायचं असतं का, पण भीतीत माणूस असंच निवडत बसतं.

सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा तो चालत आला. एकटा. मी आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं. धड होती.

"काय केलं रं तुला?" आई म्हणाली.

"काय नाय केलं."

त्याला खोपोलीकडे एका हॉटेलात नेलं होतं. मिसळ खायला घातली. मोबाईल घेऊन त्यातलं गाणं पुसलं. मग त्याच्या घरच्यांची चौकशी केली, बहीण कुठे दिली, भाचा कुठल्या शाळेत जातो, मावशी कुठे कामाला जाते. सगळं त्यांना आधीच माहीत होतं, नुसतं त्याच्याकडून वदवून घेतलं. मग गाडीत घालून घाटाच्या पायथ्याशी आणून सोडलं आणि म्हणाले, जा चालत, तुला वाटांची आवड हाय.

"बोट नाय लावलं," तो म्हणाला. "म्हणून तर जास्त भ्याव वाटलं."

त्यानंतर काही आठवडे आम्ही गायलो नाही. गिरणीची चावी खुंटीला टांगून ठेवली.

मग त्या माणसाचाच फोन आला. मी घरात पोळ्या लाटत होते, फोन आईने उचलून माझ्या कानाला लावला. तोच मऊ आवाज. "ताई, माझ्या आईची पंच्याहत्तरी हाय. तुमी गायला यायचं. म्हातारी दिवसभर तुमचंच गाणं ऐकते मोबाईलवर." मग तो म्हणाला, "गाणं तेच म्हणा. फक्त ती कुत्र्याची ओळ तेवढी नको."

मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, जाऊ नको. मित्र म्हणाला, "मी नाय येणार. त्या गाडीत एकदा बसलो तेवढं पुष्कळ झालं." वडील दोन दिवस पेटी पुसत बसले. मग म्हणाले, "नाही गेलीस तर रोज त्याच्या फोनची वाट बघशील. मी येतो पेटीला." जायच्या दिवशी आम्ही रिक्षात बसत होतो तेव्हा मित्र ढोलकी खांद्याला लावून कोपऱ्यावर उभा होता. ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

खालापूरकडे मोठ्या घरापुढे मांडव होता. दुपारचं जेवण चालू होतं. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालेलं, साखर वाटलेली. म्हातारी पुढच्या खुर्चीत, नवी नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. ऐकू कमी यायचं, म्हणून कानामागे हात धरून बसली होती. तो माणूस जेवणाच्या टेबलांपाशी उभा राहून लोकांना वाढायला लावत होता. त्याने आमच्याकडे बघून हात जोडले.

आम्ही दोन-तीन साधी गाणी म्हटली. मग म्हातारीने हात वर केला. "वाटेचं म्हण गं, पोरी."

मी सुरुवात केली. पहिलं कडवं कसंबसं गेलं. त्या ओळीचं काय करायचं, हे खरंच मी ठरवलं नव्हतं. ती जागा आली आणि माझ्या तोंडून आवाजच निघेना. ढोलकी थांबली नाही. एक आवर्तन गेलं. वडिलांनी पेटीवर तीच सुरावट हळू पुन्हा वाजवली. दुसरं आवर्तन गेलं. मांडवात लोक जेवता जेवता वर बघू लागले.

म्हातारी पुढे वाकली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं, थांबलीस का? कुत्र्याचं राहिलं की! मीपण डोईवर हंडे वाहिलेत. म्हण."

आणि मी थांबलेली बघून तिने स्वतःच सुरुवात केली, बेसूर, टाळी वाजवत. "तुझ्या कुत्र्याला फाटक हाय रं..." मग मला म्हणावंच लागलं. मी त्या माणसाकडे बघितलं नाही. माझी नजर म्हातारीच्या बांगड्यांवर होती. वरचा सूर लागला की नाही, आठवत नाही. बायका हसत होत्या, एक-दोघी टाळ्या धरत होत्या. म्हातारीला ती ओळ पुन्हा पाहिजे होती. पुन्हा म्हटली.

निघताना ओटी भरली, साडी दिली. आम्ही रिक्षापर्यंत आलो तेव्हा तो मागून आला. मित्र एक पाऊल मागे सरकला आणि वडील पुढे झाले. तो माणूस बराच वेळ बडीशेपेच्या डबीचं झाकण उघडबंद करत उभा राहिला.

"आईला म्हाईत नाय," तो म्हणाला, "ते गाणं कुणावर हाय ते." मग अगदी खाली आवाजात, "सांगू नका तेवढं."

वडील म्हणाले, "आम्ही गाणी म्हणतो. घरोघरी सांगत फिरत नाही."

तो आत गेला. रिक्षा सुटल्यावर मला रडू फुटलं, ते कर्जत येईपर्यंत थांबेना. मित्र पुढून म्हणाला, "अगं, तो पण भितोच की." त्याला हसू येत होतं. मला आलं नाही. भिणारा माणूस जास्त वाईट, असंच मला वाटत होतं आणि पुढचे कित्येक महिने वाटत राहिलं.

पण झालं काही नाही. फोन आला नाही, पांढरी गाडी वाडीवर गेली नाही. लाल मोटरसायकल कधी दिसायची बंद झाली ते लक्षातही आलं नाही. रिसॉर्टने पुन्हा बोलावलं, मी गेले नाही. त्याच वर्षी पावसाळ्याआधी वाडीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. गाणंबिणं कुणी म्हटलं नाही, नुसत्या बसल्या. माझ्या मित्राची आईही, सुजलेल्या गुडघ्याने. ग्रामसभेत ठराव झाला, मोजणीवाले आले, आणि दिवाळीनंतर भिंतीत एक फाटक बसलं. कोण म्हणतं कचेरीमुळे, कोण म्हणतं नव्या मालकालाच कटकट नको होती. त्या माणसाच्या आईचा हट्ट म्हणूनही काही जण सांगतात. मला माहीत नाही.

गिरण पुन्हा उघडली. माणसं आली, सगळी नाही आली. नवीन कुणी गाणं घेऊन आलं की मी अजून आधी शब्द ऐकते, चाल नंतर. यात कुणाचं काय येतं, कुणाला लागेल, हे बघते. शेलूची बाई मला हसते. हसताना तिचंही लक्ष दाराकडे असतं.

गेल्या महिन्यात मी वाडीवर गेले होते. मित्राची आई विहिरीवरून येत होती. फाटक बसवणाऱ्याने चौकट इतकी बुटकी घातली आहे की डोक्यावर हंडा घेऊन जाता येत नाही. तिने हंडा उतरवला, वाकून अलीकडे आली, आणि पुन्हा डोक्यावर चढवायला मला हात लाव म्हणाली. मित्र ओट्यावरून हे बघत होता.

"यावर करू या का?" त्याने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "या उन्हाळ्यापुरतं थांब. आहे ते फाटक तरी उघडं राहू दे."